दिवाडीच्या खाजनात खारे पाणी शिरले, आता भाताचे काय?

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरच्या मळार आणि गोलती गावांतून मे महिन्यात आलेले प्रश्न वेगवेगळ्या हातांचे असले, तरी दुखणे एकच आहे. एका शेतकऱ्याने लिहिले आहे: "बांधाला भगदाड पडून मांडवीचे पाणी शेतात आले. आता वर पांढरा थर धरलाय. दुकानदार म्हणतो जिप्सम टाका. किती गोण्या टाकू? की यंदा सरदीचे (पावसाळी) भात सोडूनच देऊ?"

भात सोडू नका. आणि जिप्समही घेऊ नका.

जिप्सम हे चोपण जमिनीचे औषध. तिथे मातीचा सामू साडेआठच्या वर गेलेला असतो आणि सोडियम मातीला चिकटून बसलेला असतो. आपले खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, तसे नाही. ते खारे आहेच, शिवाय बहुतेक ठिकाणी आंबटही आहे. इथले मीठ पाण्यात विरघळून निघून जाते, आणि ते काढायला गोड पाणी लागते. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस पडतो. एवढे पाणी फुकट मिळत असताना गोणीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. अट एकच, पावसाचे पाणी शेतात थांबले पाहिजे आणि मग बाहेर गेले पाहिजे.

पावसाआधी जमीन कोरडी असतानाच एकदा नांगरा आणि ढेकळे तशीच राहू द्या, फोडू नका. नुसता सडा पडावा तसा पाऊस झाला तर काही सोडू नका. चांगला पाऊस लागला की आतले बांध घालून वीतभर पाणी दोन दिवस धरा, चिखल ढवळा आणि ओहोटीला सोडून द्या. असे तीन-चार वेळा करा. पाणी सोडायला उधाणाचे दिवस बरे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जेवढी चढते, तेवढीच ओहोटीही खाली उतरते, त्यामुळे मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, निचरा जोरात होतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत नदीची पातळी फारशी उतरत नाही, पाणी आतच तुंबून राहते. अर्थात बांधाला खरा धोकाही उधाणातच असतो. म्हणून प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोणीतरी बांधावरून एक फेरी मारावी. खेकड्याचे बीळ बोटाएवढे असते तोवर मूठभर चिखलाने भागते.

बांध दुरुस्तीबद्दल एक सावधगिरी. यंत्राने खोलवरचा काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ उपसला असेल तर तो शेतात पसरू नका. तो गाळ वाऱ्याला लागला की त्यातल्या गंधकाचे आम्ल बनते, पिवळे डाग दिसू लागतात आणि तिथे भात उभे राहत नाही. असा तुकडा आधीच झाला असेल तर माती तपासून चुन्याचे प्रमाण ठरवता येईल.

आता मानशीकडे येतो. पाच जणांनी जवळजवळ एकाच शब्दांत विचारले आहे: "रात्री मानशीच्या फळ्या वर बांधून ठेवतात आणि भरतीचे पाणी मासळीसाठी आत घेतात. आम्ही काय करायचे?" मानस बांधणाऱ्याची अक्कल बघा. फळी वरून टांगलेली, बाहेरच्या बाजूला उघडणारी. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते, भरतीला नदीच तिला दाबून बंद करते. माणसाने हात लावायची गरजच नाही. पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या डोहात, थोडे पाणी आले, काळुंदर-सुंगटे मिळाली, इतपत चालत आलेले आहे, आणि मानशीतल्या मासेमारीच्या लिलावाच्या पैशातून बांधाची डागडुजी होते हेही खरे. पण पेरणीपासून दाणा भरेपर्यंत खारे पाणी शेतात येता कामा नये. लिलावाच्या कागदावर या महिन्यांत फळी बंद ठेवण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली तर कूळ संघटनेच्या नावाने मामलेदारांकडे लेखी अर्ज द्या. एकट्याने रात्री जाऊन भांडण करू नका. हद्दीच्या भांडणांची आठवण म्हणून आपण दर ऑगस्टला बोंदेरां सणात बावटे नाचवतो, तेवढे पुरे आहे.

बियाण्याचा प्रश्न एका बाईंनी विचारला आहे: "ज्योती जास्त पिकते म्हणून ती लावू की सासूबाईंची कोरगूट?" बाई, शेत कुठे आहे त्यावर उत्तर आहे. मोरड (उंचावरच्या) आणि खेर (मधल्या, रेताड) जमिनीत ज्योती खुशाल लावा. खाजनात, त्यातही यंदा खारे पाणी प्यायलेल्या खाजनात, ज्योतीची वाट बघू नका. मातीची क्षारता (मिठाचे माप) 3 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत भात सोसते, त्यापुढे दर एका अंशाला उत्पन्न साधारण 12 टक्क्यांनी घसरते. हा साध्या भाताचा हिशेब. कोरगूट त्याहून चिवट. ती उंच वाढते, लोळते, कुसळामुळे मळताना अंग खाजवते, पण दाणा देते, आणि तिच्या लाल उकड्या तांदळाच्या पेजेबद्दल दिवाडीकरांना मी काय सांगणार! लोळण्याचा त्रास नको असेल तर जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटीतूनच निवडलेले गोवा धान 1 आणि गोवा धान 2 हे वाण आहेत. फेरीबोट ओलांडली की संस्था, तेव्हा बियाण्याची चौकशी स्वतः जाऊनच करा. पनवेलच्या खारभूमी केंद्राचे वाणही चालतात, पण मी आधी घरच्या मातीतल्याला पसंती देईन.

कोणताही वाण घेतला तरी एक ध्यानात ठेवा. भाताचे बी खाऱ्यातही रुजते, मरते ते दोन-तीन पानांवर असताना. पुढे पोटरीत आणि फुलोऱ्यात पुन्हा नाजूक होते. म्हणून रहू पद्धतीने मोड आलेले बी फोकायचे तर शेत धुऊन झाल्यावरच फोका. त्यापेक्षा बरे म्हणजे खेरातल्या गोड जमिनीत तरवा (रोपे) करा, तो महिनाभराचा होऊ द्या आणि एका चुडात (एका जागी) चार-पाच रोपे धरून दाट लावा. युरिया एकदम टाकू नका, दोन-तीन हप्त्यांत द्या. टाकल्यानंतर दोन दिवस पाणी सोडू नका, नाहीतर तुमचे खत मांडवीला जाते.

खेकडे रोपे कापतात, त्यावर "औषध" विचारले आहे. कीटकनाशक भातात कालवून बिळाशी ठेवण्याचा प्रकार मी सुचवणार नाही. ते पोंयीत उतरते आणि मासळीत जाते. जुना तरवा दाट लावला की नुकसान बरेच कमी होते, उरलेले खेकडे रात्री बत्ती घेऊन पकडा. ते ताटात गेले तर तक्रार कोणाची नाही.

राहिला पडीक तुकड्यांचा प्रश्न. दोन-तीन वर्षे पाणी आत राहिले की तिथे खारफुटी येते, आणि एकदा ती वाढली की वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून स्वतःला जमत नसेल तर तुकडा शेजाऱ्याला कसायला द्या, पण पाण्याखाली सोडू नका. बांधाच्या बाहेरची खारफुटी मात्र मुळीच तोडू नका. लाटेचा पहिला मार तीच खाते.

मातीचा नमुना आताच घ्या, पाऊस लागल्यावर नको. पाच-सहा जागांची वरची वीतभर माती मिसळा, त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून तपासणीसाठी कापडी पिशवीत आणा. पिशवीवर शेताचे नाव आणि मानशीपासूनचे अंतर लिहा, ते लिहायचे हमखास राहते.