आधी खलनायकाची पटकथा लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ॲक्शन चित्रपट लिहायचा आहे, नायक आणि खलनायक ठरलेत, पाच-सहा दणदणीत सीन डोळ्यांसमोर आहेत. पण ते एकामागून एक मांडले की पहिल्या वीस-पंचवीस पानांनंतर कथा नुसती धावते, पुढे सरकत नाही. मग या दोघांच्या संघर्षाभोवती पटकथा बांधायची कशी?

मी पटकथा लिहिते आणि इतरांच्या पटकथा वाचून त्यांवर टिपणं काढते. ॲक्शनच्या पटकथांमध्ये हा दोष सर्रास दिसतो आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ एकाच जागी सापडतं. लेखकाला नायक आतून-बाहेरून पाठ असतो, खलनायकाचं मात्र फक्त रूप ठाऊक असतं: त्याचा आवाज, चेहऱ्यावरचा व्रण, हसण्याची लकब. ‘नायक मध्ये आला नसता तर हा माणूस आज दिवसभर काय करणार होता?’ असं विचारलं की लेखक गप्प होतो. त्या गप्प होण्यातच तुमचा मधला भाग अडकलेला असतो.

म्हणून माझं सांगणं हे की आधी खलनायकाची योजना लिहून काढा, आणि नायक या जगात नाहीच असं धरून लिहा. दीड-दोन पानं पुरतात. त्याला नेमकं काय हवंय, किती वाजेपर्यंत हवंय, त्यासाठी कोण माणसं लागणार, कुणाला विकत घ्यावं लागणार, काय बिघडू शकतं आणि ते बिघडलं तर काय करायचं ठरलंय. या दोन पानांच्या शेवटी तो यशस्वी झाला पाहिजे. योजना आपल्याआपणच कोसळत असेल तर तुमच्या नायकाला चित्रपटात काही कामच उरत नाही.

इतका भर खलनायकावर का, याचं कारण या प्रकारच्या कथेच्या स्वभावात आहे. प्रेमकथेत किंवा कौटुंबिक कथेत नायकाची इच्छा गोष्ट पुढे ढकलते. ॲक्शनमध्ये बहुतेक वेळा पहिली हालचाल खलनायकाची असते आणि नायक ती अडवायला धावतो. आपल्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. त्या नायकाच्या कार्याच्या आहेत. मी ॲक्शनची मांडणी करताना त्या खलनायकाला देऊन बघते आणि आराखडा चटकन उभा राहतो. त्याचा आरंभ, त्याचा प्रयत्न, मग फळ मिळेल अशी आशा, मग फळ मिळणारच अशी खात्री. इथपर्यंत त्याला नेऊन पोचवायचंच. त्याची नियताप्ती हाच नायकाचा तळ असतो. पाचवी अवस्था, म्हणजे फळ प्रत्यक्ष हाती येणं, त्याच्या तोंडाशी आलेली असताना हिरावली जाते. अनेक पटकथांत खलनायक दुसऱ्या अवस्थेतच घुटमळत राहतो, आणि क्लायमॅक्सला कितीही स्फोट केले तरी काही पणाला लागल्यासारखं वाटत नाही.

नुसतं सांगून हे पटणार नाही, म्हणून एक कथा रचून दाखवते.

खाण कोसळून कामगार दगावले. खाण धोक्याची आहे हा इशारा मालकाला आधीच मिळाला होता आणि तो देणारा इंजिनिअर आता एकमेव साक्षीदार आहे. सकाळी दहाला न्यायालयात त्याची साक्ष. पोलीस त्याला रात्रीच्या गाडीने घेऊन चाललेत, सोबत एक हवालदार. मालकाची योजना अशी: दोन माणसं गाडीत आधीच बसलेली, मध्यरात्री आडबाजूला सिग्नल लाल करून गाडी थांबवायची, साक्षीदाराला खाली ओढायचं, पहाटे तो रुळांवर सापडेल. पळून जाताना गाडीखाली आला. एक वरिष्ठ पोलीस अधिकारी विकत घेतलेला आहे, तो कागदपत्रं सांभाळून घेईल. नायकाशिवाय ही योजना चोख पार पडते.

आता नायक आत सोडा. हवालदाराचा विशेष काय? त्याने उभ्या नोकरीत एकही हुकूम मोडलेला नाही. हा गुण मी मुद्दाम निवडला, कारण मालकाची सगळी सत्ताही हुकमावरच उभी आहे. त्याची माणसं प्रश्न विचारत नाहीत. म्हणजे दोघांत एक धागा समान आहे आणि त्याच धाग्यावर दोघांतला फरकही उघडा पडणार आहे. नायक आणि खलनायक एकमेकांचे असे कुणीतरी लागतात. दोघांना एकच गोष्ट हवी असावी, इथे साक्षीदार, आणि ती एकालाच मिळू शकावी. एकाला साक्षीदार हवा आणि दुसऱ्याला हिरे हवे असतील, तर ते चित्रपटभर एकमेकांच्या शेजारून जात राहतील आणि टक्कर तुम्हाला ओढूनताणून घडवावी लागेल.

पहिली चाल: हवालदाराला दोन प्रवाशांचा संशय येतो, तो साक्षीदाराला गुपचूप दुसऱ्या डब्यात हलवतो. माणसं रिकाम्या बर्थवर झडप घालतात, झटापट होते, एकाच्या हाताला दरवाजाचा पत्रा लागून खोल जखम होते, दोघं निसटतात. या पहिल्या ॲक्शन सीनने काय बदललं? सोबतचा पोलीस जागा आहे, हे मालकाला कळलं. आता बळ चालणार नाही म्हणून तो हुकूम वापरतो. वायरलेसवर वरिष्ठांचा आदेश येतो: पुढच्या स्टेशनावर विशेष पथक आहे, साक्षीदार त्यांच्या ताब्यात द्या. आणि आपला हवालदार, हुकूम न मोडणारा माणूस, साक्षीदाराला स्वतःच्या हाताने त्यांच्या स्वाधीन करतो. गाडी सुटते. खिडकीतून त्याला पथकातल्या एका माणसाच्या हातावरची पट्टी दिसते, रक्ताने भिजलेली.

हा चित्रपटाचा मध्य. मध्यंतर घ्यायचं असेल तर इथेच. बघा, इथे एकही गोळी सुटलेली नाही, तरी याच्याइतका जबर मार नायकाला आतापर्यंत बसलेला नाही. तो धावत्या गाडीतून उडी मारतो. पुढच्या उरलेल्या चित्रपटात त्याच्याकडे गाडी नाही, शस्त्र नाही आणि खातंही नाही, कारण अधिकारी जाहीर करतो की हवालदारानेच साक्षीदार पळवला. मालकाची योजना आता पहिल्यापेक्षा सरस झाली. अपघाताचं नाटक नको, खुनाचा आरोपीच आयता मिळाला. नायकाच्या प्रयत्नाने खलनायकाचं भलं व्हावं, असा निदान एक वळसा प्रत्येक ॲक्शन पटकथेत असावा असं मला मनापासून वाटतं. त्याने नायक मूर्ख ठरत नाही. समोरचा माणूस हुशार ठरतो, आणि नायकाचं मोठेपण शेवटी त्या हुशारीच्या मापानेच मोजलं जातं.

क्लायमॅक्सला हवालदार एक वायरलेस मिळवतो आणि त्या अधिकाऱ्याच्याच सुरात मालकाच्या माणसांना हुकूम सोडतो. माणसं पाळतात, कारण त्यांना प्रश्न विचारायची सवयच नाही. आयुष्यभर हुकूम ऐकलेल्या माणसालाच तो सूर इतका अचूक जमतो. अंगाने तगडा असल्यामुळे तो जिंकत नाही. खलनायकाच्या ताकदीतलं भोक त्याला दिसलं म्हणून जिंकतो, आणि ते दिसलं कारण तेच भोक त्याच्यातही होतं. यानंतर हाणामारी हवी तेवढी करा, पण निकाल त्या हुकमाने लागलेला असू दे.

खलनायकाची योजना सगळ्या चित्रपटाचा सांगाडा कशी होते, याचं माझ्या मते उत्तम उदाहरण म्हणजे १९८८ चा ‘डाय हार्ड’. त्यातल्या खलनायकाला, हॅन्स ग्रूबरला, तिजोरी हवी आहे. तिचं शेवटचं कुलूप विजेवर आहे, वीज गेल्याशिवाय ते उघडत नाही. तो दहशतवादी असल्याचा देखावा करतो, कारण अशा वेळी एफबीआय नियमाप्रमाणे इमारतीची वीज तोडते. म्हणजे त्याला थांबवायला आलेलेच त्याचं कुलूप उघडून देतात. आणि त्याच चित्रपटात दोघांची समोरासमोर पहिली भेट कशी होते ते पाहा. ग्रूबर ओलीस असल्याचं सोंग करतो, नायक मॅक्लेन त्याला पिस्तूल देतो, पण रिकामं. भेटीत ग्रूबरच्या लक्षात येतं की हा माणूस अनवाणी आहे. लगेच पुढच्या चकमकीत तो आपल्या माणसाला काचा फोडायला सांगतो. मॅक्लेन जिवानिशी सुटतो, पण तळपाय रक्तबंबाळ होतात आणि हातातले डेटोनेटर मागे राहतात. एका चकमकीने शरीर, हत्यार आणि वेळ, तिन्ही बदललं. तुमच्या प्रत्येक ॲक्शन सीनला हीच कसोटी लावा.

ही कसोटी लावायची माझी पद्धत साधी आहे. दर सीनला एक अशी कार्डं दोन रंगांत करा, खलनायकाच्या हालचाली एका रंगात, नायकाच्या दुसऱ्या. प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ: योजनेत आता काय बदललं? ती ओळ रिकामी राहिली तर तो सीन कितीही देखणा असला तरी तिथून उचला. सलग चार-पाच कार्डं नायकाचीच दिसली तर खलनायक झोपलाय. तुमचे जे पाच-सहा आवडते सीन आहेत ते मोडीत काढू नका, पण ते कोणत्या चालीचं उत्तर आहेत हे शोधा. पुलावरचा पाठलाग मस्तच असेल, पण पाठलाग कोण करतंय, आणि पकडलं गेल्यास कुणाची कोणती पर्यायी वाट बंद होते? संघर्ष चढत जाणं म्हणजे दर वेळी मोठा स्फोट नव्हे. दोघांकडचे पर्याय कमी होत जाणं, म्हणजे चढ.

तुमच्यासमोर आणखी एक अडचण येणार आहे. नायक-खलनायक लवकर भिडले तर एकजण मेला पाहिजे, नाही भिडले तर वैर कागदावरच राहतं. यावर तोडगा म्हणजे लढाईशिवायची भेट. १९९५ च्या ‘हीट’मध्ये पोलीस आणि दरोडेखोर एका टेबलाशी बसून कॉफी पितात आणि वेळ आली तर एकमेकांना सोडणार नाही, हे सांगून उठतात. त्यानंतरच्या गोळीबाराला जे वजन येतं ते त्या टेबलावरून येतं. समोरासमोर आणणं शक्य नसेल तर एकाने मागे सोडलेल्या खुणा दुसऱ्याने वाचाव्यात, फोनवर आवाज ऐकावा, एकाच माणसाला दोघांनी वेगवेगळं वचन द्यावं.

शेवटाबद्दल ‘शोले’ची आठवण ठेवा. ठाकूर गब्बरला पकडतो, गब्बर तुरुंगातून पळून त्याचं कुटुंब संपवतो, ठाकूर एकटाच त्याच्यावर चालून जातो, गब्बर त्याचे हात तोडतो. प्रत्येक घाव आधीच्या घावाचं उत्तर आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळे मारलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. १९७५ साली सेन्सॉरच्या आग्रहाने तो बदलून पोलीस आणावे लागले. मला मूळ शेवटच योग्य वाटतो. ज्याचे हात नाहीत तो पायांनीच लढणार, आणि ते पाय आपण चित्रपटभर पाहत असतो. तुमच्या क्लायमॅक्सचं हत्यार असं संघर्षाच्या पोटातून निघू दे. आयत्या वेळी भिंतीवर टांगलेली तलवार नको.

पानांचं गणित फार मनावर घेऊ नका. ११०–१२० पानांच्या पटकथेत पहिला पाव भाग मांडणी, मधला अर्धा झुंज, शेवटचा पाव निकाल, हा ढोबळ हिशोब बरा आहे. फक्त एक लक्षात ठेवा: खलनायकाची योजना पहिल्या पानाच्या आधीच सुरू झालेली असावी. प्रेक्षक आणि नायक, दोघंही उशिरा आलेत.

प्रत्यक्ष लिहिताना ‘दोघांत तुंबळ मारामारी होते’ एवढंच लिहून सोडू नका. पटकथेच्या एका पानामागे पडद्यावर एक मिनिट हा अंदाज तिथे साफ कोसळतो, एका ओळीची चार मिनिटं होतात. उलट प्रत्येक ठोसाही लिहू नका, ते काम फाइट मास्टरचं आणि तो ते तुमच्यापेक्षा चांगलं करेल. लिहायची ती वळणं. पिस्तूल कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेलं, कुणाला काय दिसलं, कोण कुठल्या क्षणी पळायचं ठरवतो आणि का थांबतो. प्रत्येक वळणाला स्वतंत्र ओळ द्या, वाक्यं आखूड ठेवा, पानावर पांढरी जागा सोडा. वाचणाऱ्याची नजर खाली धावली पाहिजे.

आणि निकाल लागल्यावर रेंगाळू नका. हवालदाराच्या कथेत मी साक्षीदार न्यायालयाच्या पायऱ्या चढतोय एवढंच दाखवेन, खाली वायरलेस खरखरतोय, आणि हवालदार तो बंद करतो. अर्धं पान. साक्ष काय झाली, मालकाला किती वर्षांची शिक्षा लागली, हे लिहिणार नाही, कारण दोघांमधला प्रश्न त्या हुकमापाशीच सुटलेला असतो.