वाचक विचारतात : मुंबईच्या आर्ट गॅलऱ्या पाहायच्या कशा?

प्रश्न : नाशिकहून एका दिवसासाठी मुंबईला येऊन आधुनिक चित्रं-शिल्पं पाहायची आहेत. सोमवारी सुट्टी मिळते. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, नाशिक

आधी वार बदला. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (एनजीएमए) बंद असतं आणि फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्याही बहुतेक बंद असतात. जहांगीर आर्ट गॅलरी उघडी असते, पण तिथलं प्रदर्शन साधारणपणे मंगळवार ते सोमवार असं आठवडाभराचं. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी चित्रं उतरवायची घाई असते, तर मंगळवारी दुपारपर्यंत नवी चित्रं टांगणं चालू असतं. रविवारीही खासगी गॅलऱ्यांना कुलूप असतं. नोकरी करणाऱ्यांनी शनिवार धरावा. रजा टाकता येत असेल तर गुरुवार किंवा शुक्रवार उत्तम, गर्दी कमी आणि गॅलरीतल्या लोकांना बोलायला वेळ.

पंचवटी एक्सप्रेसने आलात तर अकराच्या सुमारास सीएसएमटीला उतराल. गॅलऱ्याही साधारण अकरालाच उघडतात आणि सहा-सातपर्यंत चालतात. दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौकाकडे चालायला लागा. वाटेत आतल्या गल्लीत, जी. तळवटकर मार्गावर, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर ‘केमोल्ड प्रेस्कॉट रोड’ या नावाची गॅलरी आहे. ही गॅलरी १९६३ मध्ये जहांगीरच्याच इमारतीत सुरू झाली आणि २००७ मध्ये इकडे आली. तिथून काळा घोडा पायी दहा-पंधरा मिनिटं. जहांगीर (स्थापना १९५२) फुकट आहे. आत एकाच वेळी तीन-चार वेगवेगळी प्रदर्शनं असतात आणि दर्जा सारखा नसतो, हे धरून चला. एका दालनात कंटाळा आला म्हणून मागे फिरू नका, शेजारच्या दालनात डोकवा. चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. बाहेरच्या फुटपाथवरचे चित्रकारही पाहण्यासारखे.

शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे लोक मूर्ती आणि लघुचित्रं पाहून बाहेर पडतात, पण पूर्वेकडच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकला शांतपणे पाहायला मुंबईत याहून चांगली जागा नाही, असं आमचं मत. त्याच चौकात एनजीएमए. सर कावसजी जहांगीर हॉलची ही जुनी इमारत १९९६ पासून संग्रहालय आहे. आत अर्धगोल दालनं जिन्याने एकावर एक चढत थेट घुमटाखाली पोहोचतात. मोठं प्रदर्शन असेल तर इथे दीड तास हवाच. दोन प्रदर्शनांच्या मध्ये बहुतेक दालनं रिकामी असू शकतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

जेवण उरकून दुपारी कुलाबा. ताजच्या मागे मेरीवेदर रोडवर देविदास मॅन्शनमध्ये झवेरी कंटेम्पररी, आर्थर बंदर रोडवर कमल मॅन्शनमध्ये चॅटर्जी अँड लाल, आणि अग्निशमन केंद्राजवळ जुन्या छापखान्याच्या जागेत प्रोजेक्ट ८८. तिन्ही करायच्या असतील तर वरच्या दोन संग्रहालयांपैकी एक सोडा. संध्याकाळची परतीची पंचवटी गाठायची असेल तर हे सोडणं भागच आहे. एका दिवसात सहाहून जास्त ठिकाणं केली की शेवटची दोन नुसती ‘केली’ एवढंच होतं.

आणखी एक, पत्ते जुन्या लेखांतून घेऊ नका. गॅलऱ्या जागा बदलतात. कुलाब्याच्या धनराज महालमध्ये असलेली टार्क गॅलरी आता फोर्टमध्ये आहे. शिवाय प्रदर्शन महिना-दीड महिना चालतं आणि पुढचं लागेपर्यंत काही दिवस गॅलरी बंद असते. आदल्या दिवशी इन्स्टाग्रामवर त्या गॅलरीचं पान पाहा किंवा सरळ फोन करा. उपनगरातून येणाऱ्यांना आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक सोयीचं पडतं.

प्रश्न : काचेचं बंद दार, बाहेर वॉचमन, आत चिटपाखरू नाही. विकत काही घ्यायचं नसताना आत जावं का?
– एक वाचक, सातारा

बेशक जावं. प्रवेशाला पैसे नाहीत, नाव-नोंदणी लागत नाही. दार बंद असतं ते एसीसाठी. बेल असेल तर वाजवायची. पत्त्याला गॅलरीचं नाव सांगून उपयोग होत नाही, इमारतीचं नाव विचारा. या गॅलऱ्या जुन्या निवासी इमारतींत असतात आणि खाली पाटी असतेच असं नाही. लिफ्ट जाळीची असेल तर उतरल्यावर दोन्ही दारं नीट ओढून घ्या, नाहीतर ती तिथेच अडकून राहते आणि खालचे लोक बोंबलतात.

आत गेल्यावर नवखा माणूस गोंधळतो तो एकाच गोष्टीने, भिंतीवर चित्राचं नाव नसतं. नुसता आकडा असतो किंवा तोही नसतो. यादी टेबलावर असते. ‘लिस्ट ऑफ वर्क्स आहे का?’ असं विचारा. त्यात नाव, साल, माध्यम आणि माप असतं, माप आधी उंची मग रुंदी. ‘३/५ + २ एपी’ दिसलं तर तो प्रिंट, फोटो किंवा ओतीव शिल्प आहे, एकूण पाच प्रतींतली तिसरी, शिवाय दोन प्रती (एपी, म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ) कलाकाराकडे. ‘आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट’ म्हणजे टिकाऊ कागदावर टिकाऊ शाईने काढलेली छपाई. ते हाताने रंगवलेलं चित्र नव्हे. यादी निघताना परत द्यायची.

पाठीवरची सॅक टेबलाजवळ ठेवा किंवा पोटाशी घ्या. फोटो काढायला एक पाऊल मागे सरकताना मागच्या शिल्पाला धक्का लागतो तो सॅकचाच.

प्रश्न : अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ चालू असतो, मधूनच पाहायला लागतो. काहीच कळत नाही.
– एक वाचक, पुणे

मधून पाहिलेलं कळणार कसं? दारावरच्या पट्टीवर कालावधी लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ‘१८ मिनिटे, लूप’. पुन्हा केव्हा सुरू होईल ते विचारा, तोवर बाकीचं पाहून या. आत शिरलात की अर्धा मिनिट दाराशीच थांबा. डोळे सरावण्याआधी पुढे गेलात तर बाकावर नडगी आपटते. ‘थ्री-चॅनल’ म्हणजे तीन पडदे एकाच वेळी. मधल्या पडद्यासमोर अगदी पुढे न बसता तिन्ही नजरेत येतील इतकं मागे बसा.

आता न कळण्याबद्दल. आधी वस्तू पाहा, मग पट्टी वाचा, मग पुन्हा वस्तू. कॉन्सेप्ट नोट, म्हणजे कामामागची कल्पना सांगणारा कागद, सगळ्यात शेवटी. या नोटा बहुधा क्लिष्ट इंग्रजीत असतात. दोन परिच्छेदांत काही हाती लागलं नाही तर खुशाल ठेवून द्या. गॅलरीतल्या मुलामुलींना ‘याचा अर्थ काय?’ विचारलं की तीच नोट तोंडी ऐकायला मिळते. ‘हे कशाचं आहे? कसं केलंय?’ असं विचारून पाहा. दुरून काळं कापड वाटलेली वस्तू जळका कागद निघाली, की तुमचे पुढचे प्रश्न आपोआप सुटतात किंवा बदलतात.

प्रश्न : काही दालनांत इतका अंधार का ठेवतात? आणि फोटो काढू द्यायला काय हरकत आहे?
– एक वाचक, ठाणे

कागद, जलरंग आणि कापड प्रकाशाने विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात, तैलरंगांवर दीडशे-दोनशे. ऑफिसात आपण तीनशे-पाचशे लक्समध्ये बसतो, म्हणून ते दालन अंधारं वाटतं. दोन मिनिटांत नजर बसते. खासगी गॅलऱ्यांत फ्लॅशशिवाय फोटो सहसा चालतात. संग्रहालयांत प्रदर्शनागणिक नियम वेगळे, कारण उसन्या आणलेल्या चित्रांवर मालकाच्या अटी असतात. चित्र विकलं गेलं तरी कॉपीराइट एरवी चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. फोटो टाकताना नाव लिहा.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आई, दोघांना चालेल असं काही?
– एक वाचक, कोल्हापूर

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, राणीच्या बागेला लागून. दोन्ही बुधवारी बंद. १८७२ ची इमारत आहे, जुन्या मुंबईतल्या माणसांच्या आणि धंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती मुलांना खिळवून ठेवतात. जुन्या संग्रहाला उत्तर म्हणून आजचे कलाकार इथे काम मांडतात, २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी यांनी मांडलं होतं. असं काही चालू असेल तर मुलाला कामाला लावा, ‘यातलं नवं कुठलं?’ आईंना तळमजला पुरे. वर जिना आहे, लिफ्टचं आधी फोनवर विचारून घ्या.

प्रश्न : किंमत विचारली तर हसतील का? पंधरा-वीस हजारांत काही मिळतं?
– एक वाचक, डोंबिवली

किंमत विचारणं हा तिथला रोजचा व्यवहार आहे. किंमतपत्रक टेबलाच्या खणात असतं. नावापुढे लाल टिकली म्हणजे विकलं गेलं. आकडा जीएसटी आणि फ्रेम धरून आहे का, हे तिथल्या तिथे विचारा. तुमच्या रकमेत नामवंतांचं कॅनव्हास मिळणार नाही. तरुण कलाकारांचे कागदावरचे एचिंग (धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप), वुडकट (लाकडी ठशावरून घेतलेला छाप) किंवा छोटी रेखाटनं पाहा. जहांगीरमध्ये थेट चित्रकाराशी बोलता येतं. बिल आणि सहीचं प्रमाणपत्र घ्या. प्रिंट असेल तर आवृत्तीचा आकडा आणि सही पेन्सिलीत खाली आहे ना, ते पाहा.

घरी आणल्यावर खरा शत्रू पावसाळा. स्वस्त फ्रेमवाला पाठीमागे साधा पुठ्ठा लावतो, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचा, माउंट मागा आणि काच चित्राला टेकू देऊ नका, टेकली तिथे बुरशी धरते. बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल, आणि सप्टेंबरात एकदा उतरवून पाठ तपासा.