कंटेनर चालू, पण एकमेकांना सापडेनात

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरला रामबागेत राहतो. काकूच्या टिफिनसाठी ऑर्डर घ्यायचं छोटं ॲप बनवलंय, पायथनमध्ये, मागे पोस्टग्रेस (डेटाबेस). लॅपटॉपवर मस्त चालायचं, मग क्लाउडवर एक सर्व्हर भाड्याने घेऊन दोन्ही वेगवेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट चालवायचा बंद डबा) टाकलं तर लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन') 5432 ला, म्हणजे पोस्टग्रेसच्या पोर्टला, "कनेक्शन रिफ्यूज्ड". शेवटी कंटेनरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) शोधून 172.17.0.3 टाकला, चाललं! पण परवा सर्व्हर रीस्टार्ट केला आणि परत बंद, काकू सकाळी फोन घेऊन दारात. काय करू?

उत्तर : आधी काकूला आजच्या ऑर्डरी वहीत लिहायला सांग. आता बघ, कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, त्यामुळे तुझं ॲप आपल्याच घरात पोस्टग्रेस शोधत बसलंय, ते तिथे कुठून असणार! आयपीने चाललं खरं, पण डॉकरच्या आयत्या ब्रिजवर (कंटेनर जोडायला डॉकर आपणहून देतो ते नेटवर्क) आयपी कायमचे नसतात, जो आधी उठला त्याला आधीचा नंबर, म्हणून रीस्टार्टनंतर अदलाबदल झाली असणार.

आयपी सोड, नावाने हाक मार. फक्त या आयत्या ब्रिजवर नावं चालत नाहीत (इथे भलेभले अडकतात, मीपण एक अख्खा रविवार घालवलाय), म्हणून आपलं वेगळं नेटवर्क बनव आणि दोन्ही कंटेनर त्यात घाल. मग डॉकरचा स्वतःचा डीएनएस (नावांची टेलिफोन डिरेक्टरीच म्हण), 127.0.0.11 वर असतो तो, नावावरून आयपी शोधून देतो. कंपोझ (सगळे कंटेनर एकाच फाइलमधून चालवायचं डॉकरचं साधन) वापरलंस तर नेटवर्क आपोआप बनतं, फाइलमध्ये सर्व्हिसचं नाव "डीबी" असेल तर होस्टच्या जागी तेच लिही.

पोर्टचं पण ऐक. त्याच फाइलमध्ये पोर्ट 5433:5432 असा लिहिला तर 5433 बाहेरच्यांसाठी, ॲपने मात्र 5432 च वापरायचा. वाड्यातल्या वाड्यात वाटीभर साखर मागायला कोणी रस्त्यावरून फिरून येतं का? खरं तर डेटाबेसचा पोर्ट बाहेर काढूच नकोस, डॉकर तो सगळ्या जगाला उघडा करतो आणि यूएफडब्ल्यूने (सर्व्हरच्या फायरवॉलने) बंद केलाय असं वाटलं तरी डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्समधल्या ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेचे) नियम लावतो, त्यामुळे तो उघडाच राहतो.

कोणीतरी कुबरनेटिस (बऱ्याच सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) घे म्हणेलच, एका सर्व्हरवरच्या टिफिनला कशाला ते लचांड. दुसरा सर्व्हर आला की बघू, तेव्हा हे एका सर्व्हरपुरतं नेटवर्क पुरणार नाही.

आणि नाव बरोबर असून पहिल्या मिनिटाला एरर आला तर घाबरू नकोस, पोस्टग्रेस अजून उठत असेल. कंपोझमध्ये डिपेंड्स-ऑन (कोणाच्या मागून कोण उठणार ते) नुसतं लिहून भागत नाही, सोबत पोस्टग्रेसला हेल्थचेक (तयार झालं का ते तपासणं) लाव आणि डिपेंड्स-ऑनमध्ये service_healthy ही अट घाल.