पडवीत होल्याने घरटं केलंय. काड्या वाढवू का, पिल्लांना काय भरवू?

तुमचा प्रश्न असा, की पडवीच्या वाशावर होल्याने चार काड्या टाकून दोन अंडी घातली आहेत, रात्रंदिवस एकटी मादीच बसलेली दिसते आणि अंडी खाली पडतील अशी भीती वाटते. मानेमागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके आहेत म्हणता, म्हणजे हा ठिपकेवाला होला, आपला कवडा. छोट्या होल्याला हा पट्टा नसतो; त्याच्या गळ्याखाली तांबूस भागावर काळे ठिपके असतात आणि पंखाची कड निळसर राखाडी दिसते. तो कोरड्या, मोकळ्या रानातला. आपल्याकडच्या माडापोफळीच्या वाड्यांत ठिपकेवालाच जास्त.

काड्या वाढवू नका. त्याचं घरटं इतकंच असतं, खालून पाहिलं तर काड्यांच्या फटींतून अंडी दिसतात. नर एकेक काडी आणून देतो, मादी ती अंगाखाली रचते, दोनचार दिवसांत काम आटोपतं. पुढे पिल्लांची विष्ठा कडेला साचून वाळते आणि काड्या एकमेकींना धरून ठेवते. पडवीतल्या घरट्याचा खरा शत्रू वाऱ्याबरोबर आत येणारी झड. जागा पागोळ्यांच्या बाजूला असेल तर त्या अंगाला झाप किंवा प्लॅस्टिक बांधा, पण घरट्यापासून निदान हातभर लांब, पक्ष्याची येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून. आणि हे पिल्लं अंड्यांतून बाहेर आल्यावर करा. अंडी ताजी असताना सारखी वर्दळ झाली की जोडी घरटं सोडून देते.

मादी एकटी नाही. नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून बदली झालेली कळत नाही. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत साधारण नर बसतो, उरलेला वेळ आणि रात्रभर मादी. सुमारे १३-१४ दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि आणखी दोन आठवड्यांच्या आसपास घरटं सोडतात.

आता भरवण्याचं. इथे चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींनीच पिल्लं मरतात, म्हणून हे नीट वाचा. होल्याची पिल्लं चिमणीच्या पिल्लासारखी आ वासून बसत नाहीत. पिल्लू आपली चोच आईच्या किंवा बापाच्या तोंडात आत खुपसतं, दोघांची डोकी एकत्र वरखाली हलतात आणि अन्नपिशवीतला दाटसर स्राव पिल्लाच्या घशात उतरतो. या ‘दुधात’ प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर, साखर जवळजवळ नाही. नर आणि मादी दोघांच्याही अंगात तो तयार होतो. पहिले काही दिवस पिल्लू त्याच्यावरच जगतं, मग त्यात हळूहळू मऊ झालेले दाणे मिसळू लागतात. गाईच्या दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. चोच उघडून ड्रॉपरने पाणी सोडलं तर ते जिभेमागच्या श्वासनलिकेच्या तोंडातून फुप्फुसात जातं. भाताची शितं, पाव, दूध, यातलं काहीही देऊ नका.

पिल्लू खाली पडलं तर आधी पिसं बघा. अंगावर पिवळसर विरळ लव असेल तर उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देत नाहीत. घरटंच कोसळलं असेल तर जुनी परडी किंवा उथळ रोवळी घ्या, तळाला पाणी निथळेल अशी. आत हीर, म्हणजे माडाच्या पातींच्या काड्या, आणि सुकं गवत घाला आणि जुन्या जागेच्या शक्य तितकी जवळ बांधा. कापूस, सुतळी, दोरे नकोत, पाय अडकून पिल्लू जायबंदी होतं. अंग पिसांनी भरलेलं, शेपूट आखूड आणि मानेवर ठिपके नाहीत, असं पिल्लू उडायला शिकतंय. त्याला जवळच्या झुडपावर ठेवा आणि मांजर घरात कोंडा. आईबाप येऊन भरवतात.

गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब लागते. थंड अंगाने अन्न पचत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. घरी वाढवायचा विचार मनात आणू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जंगली होला पाळता येत नाही, आणि हाताळलेला होला मांजराला भीत नाही, तो सोडून उपयोग नसतो.

तुम्हाला करण्यासारखं एक आहे. होले कोरडा दाणा खातात, त्यामुळे त्यांना पाणी रोज लागतं. चोच बुडवून ते ओढून पितात, डोकं वर करावं लागत नाही. चारेक सेंटिमीटर खोल पसरट मातीचं भांडं पुरे. ते घरट्याखाली नको, कावळे तिथे जमतील. खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, उघड्यावर ठेवा, म्हणजे दबा धरलेलं मांजर त्यांना दिसेल. आणि उंदरांसाठी विष लावलेले दाणे गडग्याच्या कडेने टाकत असाल तर बंद करा. होला जमिनीवर सांडलेलं वेचून खातो, त्यात हे दाणे सगळ्यात आधी त्याच्या पोटात जातात. टाकायचेच झाले तर बिळाच्या आत खोल घाला आणि तोंड दगडाने बुजवा.