फाट्यावरचा ब्लॉक : स्टेंट एक की दोन?

प्रश्न : वडिलांच्या अँजिओग्राफीत ‘एलएडी-डायगोनल बायफर्केशन, मेडिना १,१,१’ असं लिहिलंय. फांदीतही ब्लॉक आहे, तरी डॉक्टर एकच स्टेंट घालू म्हणतात. फांदी तशीच सोडायची का?

उत्तर : एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी, डायगोनल ही तिची फांदी आणि बायफर्केशन म्हणजे फाटा. ब्लॉक फाट्यावर नेमका कुठे आहे हे सांगणारे मेडिनाचे आकडे क्रमाने फाट्याआधीची मुख्य धमनी, फाट्यापुढची मुख्य धमनी आणि फांदी यांचे. निम्मी किंवा जास्त अरुंद असेल तिथे १, नाहीतर ०. पण तीन एक दिसले म्हणून दोन स्टेंट लागतातच असं नाही. आणि फांदी कुणी सोडून देत नाही. मुख्य धमनीत स्टेंट बसण्याआधीच तिच्यात तार घालून ठेवतात.

स्टेंटचा व्यास फाट्यापुढच्या धमनीवरून घेतात. तो मोठा घेतला तर दोन धमन्यांमधली कड फांदीच्या तोंडात सरकते. बेताचा घेतला की फाट्याआधीच्या रुंद भागात तो भिंतीला टेकत नाही. तिथला व्यास फिने यांच्या सूत्राने काढता येतो : पुढच्या दोन्ही धमन्यांच्या व्यासांची बेरीज गुणिले ०.६७८. म्हणजे ३ आणि २.५ मिमी असतील तर सुमारे ३.७. मग ३.७५ मिमीचा आखूड, दाबाने फारसा न ताणणारा फुगा कडेपर्यंत आणून फुगवायचा. स्टेंटचा फाट्याआधीचा भाग असा भिंतीला टेकवणं, हाच ‘पॉट’. (स्टेंट तेवढा फुगू शकतो ना, हे आधीच पाहायचं.) हा टप्पा गाळला तर फांदीत पुन्हा जाणारी तार स्टेंट आणि भिंत यांच्या फटीत शिरू शकते आणि पुढचा फुगा स्टेंटच चेपू शकतो.

यानंतर फांदीचं तोंड चिंचोळं दिसलं तरी घाई नको. बरेचदा तो सरकलेल्या कडेचा परिणाम असतो. प्रेशर वायरवर (दाब मोजणाऱ्या तारेवर) एफएफआर, म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या आणि आधीच्या दाबाचं गुणोत्तर, ०.८०च्या वर असेल तर हात लावू नये. प्रवाह मंदावला किंवा भिंत फाटली, तर कडेलगतच्या जाळीतून तार, दोन्हीकडे एकदम फुगे, पुन्हा पॉट. तरीही भागलं नाही तर दुसरा स्टेंट.

प्रश्न : मग सुरुवातीपासूनच दोन कधी?

उत्तर : फांदी जाड असून तिच्यातला ब्लॉक तोंडापासून १० मिमी किंवा जास्त आत गेला असेल तेव्हा, विशेषतः लेफ्ट मेनमध्ये (एलएडी जिथून निघते त्या डाव्या मुख्य धमनीत). तिथे ‘डीके क्रश’मध्ये फांदीचा स्टेंट आधी बसवून, चेपून, दोनदा किसिंग बलून (दोन्हीकडे एकदम फुगे) करतात. २०१७च्या डीकेक्रश-५ चाचणीत तो आधी एकच स्टेंट घालण्यापेक्षा सरस ठरला; २०२१च्या ईबीसी मेन चाचणीत मात्र सुरुवातीपासून दोन स्टेंट घालण्याचा फायदा दिसला नाही. त्यामुळे ज्या डॉक्टरांचा त्यात हात बसलेला आहे, त्यांनीच तो करावा.