दावं धरणाऱ्याचं काम

प्रश्न : काका, बारावीनंतर मी सहा महिने एका खाजगी जनावरांच्या डॉक्टरांबरोबर मदतनीस म्हणून फिरते. ते 'धर' आणि 'सोड' यापलीकडे फारसं बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात गाभण तपासताना म्हैस फिरली, दावं माझ्या हातून सुटलं आणि डॉक्टर सगळ्यांसमोर चिडले. गोठ्यातली माणसं म्हणाली, हे पोरीचं काम नव्हे. मग मी तिथं नक्की कशासाठी आहे?
– एक वाचक, माण तालुका

उत्तर : पोरी, मी ३१ वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस, होतो. दावं माझ्याही हातून सुटलंय. पण सुटायच्या आधी तू ओरडलीस का? गाभण तपासताना डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत जनावराच्या आत असतो. म्हैस एकदम बसली किंवा फिरली तर तो हात मोडू शकतो. तिचं तोंड त्यांना दिसत नाही, तुला दिसतं. कान मागं गेले, डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं, अंग आवळलं, की 'डॉक्टर, थांबा' म्हणायचं. उगीच म्हटलं गेलं तरी चालेल.

आता ताकदीचं. चार-पाचशे किलोची म्हैस कुठल्याच गड्याला नुसत्या हातानं धरवत नाही. दाव्याचा एक वेढा खुंटाला किंवा झाडाला घ्यायचा. बांधायचंच झालं तर सुरगाठ मारायची, निरगाठ कधीच नाही. जनावर पडून फास बसला तर एका झटक्यात सोडता यायला हवं. आणि दावं हाताला गुंडाळायचं नाही, बोटं जातात. गाय पाय पुढं आणून बाजूला लाथ मारते, म्हणून तिच्या अंगाला चिकटून तरी उभं राहा, नाहीतर पार लांब.

व्यायल्यावर एक-दोन दिवसांत दुभती गाय मान कुशीत घालून बसून राहते, कान गार पडतात. हा दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम कमी पडणं. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात तेव्हा बाटली तुझ्या हातात असते आणि त्यांचे कान गाईच्या छातीवर. घाईनं गेलं तर काळीज बंद पडतं. त्यांनी खूण केली की बाटली लगेच खाली घ्यायची. अंगाला शहारे येतात, ती ढेकर देते, शेण टाकते आणि बऱ्याचदा तासाभरात उठून उभी राहते. तो आनंद मला निवृत्तीच्या दिवसापर्यंत नवाच वाटला.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला एका गोठ्यात मिळालं. गाईची लाळ गळत होती, हंबरणं घोगरं झालं होतं. मालक म्हणाला, घशात काहीतरी अडकलंय. मी बाह्या सरसावून तोंडात हात घालणार, तेवढ्यात दाराआडून त्याची आई बोलली, "महिन्याखाली कुत्रं चावलं होतं हिला." डॉक्टरांनी मला मागं ओढलं. पिसाळ होता तो, म्हणजे रेबीज. तिसऱ्या दिवशी गाय गेली. लाळ अंगावर उडाली होती, म्हणून आम्ही दोघांनी लशीचा पूर्ण कोर्स घेतला.

मालकाला हे ठाऊकच नव्हतं. धार काढणारी, वैरण टाकणारी बाई जनावराचं सगळं जाणते, पण बाहेरच्या पुरुषापुढं येऊन बोलत नाही. मी वर्षानुवर्षं मालकालाच विचारत राहिलो, ही माझी मोठी चूक. तू चुलीपाशी जाऊन विचारू शकतेस : कधीपासून खात नाही, व्यायल्यावर जार (वार) पडला का, कुत्रं चावलं का. हे मला जमलं नसतं, तुला जमेल.

एक हट्ट मात्र माझा ऐक. जार काढताना किंवा गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, गाईजवळ जाताना हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नकोस. तिला सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) असेल तर तो रोग माणसालाही होतो आणि ताप महिनोन्महिने येत-जात राहतो. डॉक्टर घाईत असले तरी मोजे मागून घे.

उद्या गाडीत बसल्यावर त्यांना सांग, "पुढच्या वेळी सुटतंय असं वाटलं की मी ओरडेन, तुम्ही हात बाहेर काढा."