'पर्यावरणीय कारणं' म्हणजे काय रे भाऊ?

प्रश्न असा आलाय की एका लेखात "स्किझोफ्रेनियाची बालपणातील पर्यावरणीय कारणे" असा मथळा होता, दुसरीकडे त्याच गोष्टीला "वातावरण" म्हटलं होतं, तर यातला बरोबर शब्द कुठला, आणि जाताजाता, या मानसिक आजाराला छिन्नमनस्कता म्हणावं की स्किझोफ्रेनिया?

जाताजाताचं आधी उरकतो. दोन्ही चालतं. ग्रीक 'स्किझो' आणि आपलं 'छिन्न' एकाच मुळातले, ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरनं १९०८ साली बर्लिनला 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द पहिल्यांदा वापरला, हे आता सगळ्यांनी इतक्यांदा सांगून झालंय की मी परत सांगत बसत नाही. फक्त एक करा, "सरकारचं धोरण स्किझोफ्रेनिक आहे" असलं लिहिणं बंद करा. तुम्हाला दुटप्पी म्हणायचंय ना, मग दुटप्पी म्हणा, अस्सल मराठी शब्द आहे आणि त्यानं कुठल्या पेशंटच्या घरच्यांना वाईट वाटत नाही. एका अंगात दोन माणसं, हा तर वेगळाच आजार, त्याचा इथे संबंध नाही. जपाननं तर २००२ साली जुनं 'मन फाटल्याचा आजार' अशा अर्थाचं नावच टाकून दिलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे माझं डोकं ज्यानं फिरतं ते. 'वातावरण'. मराठी माणसानं "लहानपणीचं वातावरण" वाचलं की त्याच्या डोळ्यासमोर काय येतं? घर. आईबापांची भांडणं, आजीचे टोमणे, आणि शेवटी बोट जातं आईकडे, "हिनं नीट वाढवला नाही". हा नुसता माझा संशय नाही, १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशा अर्थाचा शब्दच काढला होता आणि पुढे कितीतरी वर्षं आयांनी तो भोगला. ती थिअरी शास्त्रानं कधीच मोडीत काढली, आपण मात्र एका ढिसाळ भाषांतरानं ती मागच्या दारानं परत घरात घेतो. आणि 'पर्यावरणीय' म्हटलं की लोकांना धूर, प्लास्टिक आणि वृक्षारोपण आठवतं, म्हणजे तिकडूनही बोंब.

हे दोन्ही शब्द ज्याचं भाषांतर आहेत तो इंग्रजी एन्व्हायर्नमेंट या शास्त्रात म्हणजे जनुकं सोडून उरलेलं सगळं जिथे कोंबलंय ती अडगळीची खोली. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल तर दुसऱ्याला तो होतोच असं नाही, साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी जोड्यांतच दोघांनाही होतो, मग जो फरक पडला तो कशानं, या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत शोधतात. त्यात उपासमार आहे, फ्लू आहे, जन्माच्या वेळी बाळाला ऑक्सिजन कमी पडणं आहे, थंडीत जन्मणं आहे (उत्तर गोलार्धात हिवाळ्यात आणि वसंतात जन्मलेल्यांत प्रमाण ५ ते ८ टक्के जास्त, म्हणजे अगदी किरकोळ), शहरात जन्मणं आहे. हो, शहरात. डेन्मार्कमध्ये १९९९ साली जो मोठा अभ्यास आला त्यात राजधानीत जन्मलेल्यांना खेड्यातल्यांच्या २.४ पट जोखीम निघाली, पण लगेच "बघा, पुण्या-मुंबईत म्हणूनच" असं करू नका, २०१८ साली ४२ देशांचा, बहुतेक गरीब आणि मधल्या उत्पन्नाच्या देशांचा, डेटा पाहिला तर शहराचा असा संबंध दिसलाच नाही.

आणि लहानपणी झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार हेही त्या यादीत आहेत, तेवढ्यापुरतं घर आलं. ते टाळून मी आयांची वकिली करत नाहीये. पण "आई चिडचिडी होती" आणि "मुलावर अत्याचार झाला" या दोन गोष्टी 'वातावरण' या एकाच पोत्यात जातात, म्हणून तर मला तो शब्द नकोय.

बरं आता खरी गंमत. पर्यावरण म्हणजे परि अधिक आवरण, हे शाळेतलं झालं. काहीजण सांगतात की एन्व्हायर्नमेंटमधला 'व्हायर' आणि आवरणातला 'वर' एकच, आणि वर माना डोलावतात. साफ चूक. तो फ्रेंच 'व्हिरे', म्हणजे वळणं, गोल फिरणं. आपला संस्कृत धातू 'वृ' म्हणजे झाकणं. नुसता आवाज जुळला की नातं जुळवायचं ही खोड आपल्याकडे जुनी आहे. आवरणाचा इंग्रजीतला खरा भाऊ कुठला माहितीये? कव्हर! लॅटिन 'ओपेरिरे' म्हणजे झाकणं, त्यात हाच वृ दडलाय, त्याला पुढे 'को' लागला, फ्रेंचमधून घासून इंग्रजीत आला तो कव्हर झाला. आणि 'अपेरिरे' म्हणजे उघडणं, तर आपल्याकडे अपावृत म्हणजे उघडलेलं, अप अधिक आ अधिक वृ, घ्या. जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालताना आई ओरडायची "आधी पसारा आवर", त्यात आवर आणि कव्हर दोघे सख्खे चुलत एका खोलीत बसलेले असायचे आणि कुणाला पत्ता नव्हता.

इथून पुढे माझं स्वतःचं मत, कोशात शोधू नका. गाय व्याली की घरातलं कुणीतरी वार (इंग्रजीत प्लासेंटा) पडेपर्यंत गोठ्यात बसून राहतं, नाहीतर गाय ती खाऊन टाकते. ही 'वार' कुठून आली? काही भागात तिला जार म्हणतात, आणि जार हा संस्कृत 'जरायु'पासून, इथपर्यंत मान्य. पण त्यावरून "वार म्हणजे जारचाच अपभ्रंश" असं जे ठोकून देतात त्यांनी मला ज चा व झालेला आणखी एक मराठी शब्द दाखवावा, मी वाट बघतोय. मी म्हणतो वार सरळ वृ पासूनच, झाकणारी ती वार. बाहेर पडते तेव्हा बाळाभोवतीच्या पडद्यांसकटच पडते ना? मग माणसाचं पहिलं आवरण वार, आणि पहिलं पर्यावरण पोट.

हे मी उगाच ओढूनताणून आणत नाहीये, कारण या आजाराबद्दलचे काही जोरदार पुरावे नेमके पोटातल्या दिवसांचेच आहेत. १९४४ च्या सप्टेंबरात हॉलंडमध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मनांनी चिडून पश्चिमेकडच्या शहरांची अन्नाची वाहतूक तोडली, त्यात हिवाळ्यात कालवे गोठले, रेशन हजार कॅलरीच्याही खूप खाली गेलं, लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि अन्न परत आलं. म्हणजे भूक कधी सुरू झाली, कधी संपली, तारखेनिशी माहीत. ज्यांच्या आयांना त्या ऐन उपासमारीत दिवस गेले त्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनिया जवळपास दुप्पट निघाला. एकाच देशाचा योगायोग असेल म्हणावं, तर चीनच्या आनह्वेइ प्रांतात वूहू भागातही तेच, १९५९ साली जन्मलेल्यांत ०.८४ टक्के, दुष्काळाच्या ऐन भरात १९६० साली जन्मलेल्यांत २.१५ टक्के. यात त्या आयांनी काय 'वातावरण' बिघडवलं होतं सांगा.

म्हणून मथळ्यातलं 'बालपण'ही चूक. बालपण म्हटलं की आपण पाळण्यापासून मोजायला लागतो, आणि गोष्ट तर त्याच्या आधीच घडून गेलेली असते. मराठीत "पोटात असल्यापासून" हा इतका नेमका शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यात आहे, तो सोडून लोक 'प्रारंभिक जीवनकालीन' असलं काहीतरी लिहितात, वाचताना धाप लागते.

राहिलं 'कारणे'. तेही काढा. हॉलंडमध्ये जोखीम दुप्पट झाली म्हणजे काय झालं? हा आजार एरवी शंभरात एकालाही होत नाही, दुप्पट धरला तरी शंभरातले अठ्ठ्याण्णव तरी ठणठणीतच राहिले. याला कारण म्हणत नाहीत, जोखीम म्हणतात. जुनी माणसं अंगावरच्या दागिन्यांना जोखीम म्हणायची, "एवढी जोखीम घालून एसटीनं जाऊ नकोस" म्हणून. दागिने घातले म्हणजे चोरी झालीच असं नाही, शक्यता वाढली एवढंच, म्हणजे शब्द किती चपखल बसतो बघा. यादीतल्या एकेका गोष्टीला 'जोखीम घटक' म्हणतात, त्यातला 'घटक' शब्द मला आवडत नाही, गणिताच्या पुस्तकाचा वास येतो त्याला, पण सध्या दुसरा हाताशी नाही.

तेव्हा लेखकाला कळवा: 'स्किझोफ्रेनिया : पोटात असल्यापासूनची जनुकेतर जोखीम'. जनुकेतर जड वाटत असेल तर 'जनुकांपलीकडची' लिहा, पण 'वातावरण' नको. आणि ज चा व झालेला शब्द सापडला तर मला आधी कळवा.